सरळी रहिमतपूरला राहते

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नाही. तो जाऊन आता बारा वर्षं झाली. मुलीला सांगितली नाही. देवापुढं हात जोडले की माणूस मन मोकळं करतं म्हणतात — मी तिथंही एवढा भाग वगळूनच पुढं जात आले. आज तुमच्यापुढं बसलेय. मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. ते हलकं व्हावं एवढी माझी लायकी नाही.

तुम्ही माझ्या गोष्टी लहानपणी वाचल्याही असतील. सशाच्या, खारीच्या, रुसलेल्या राजकन्येच्या. ‘मुलांच्या मनात शिरून लिहिणाऱ्या बाई’ असं माझ्याबद्दल छापून यायचं. मुलांच्या मनात! मला मुलं मुळात आवडतच नसत, हे कुणी छापलं का? सांगलीतल्या मुलींच्या एका शाळेत मी चौथीला शिकवायची. रोज सकाळी पन्नास शेंबडी तोंडं समोर आली की मी सुटीची घंटा कधी होते ते बघायला लागायची. घरी येऊन मग त्याच तोंडांसाठी काहीतरी पाकात बुडवून लिहायची. लोक वाखाणायचे. लोकांचं काय — गोड लागलं की त्यांना पुरतं.

साल चौऱ्याहत्तर. दुष्काळ नुकता मागं पडला होता. त्या वर्षी माझ्या वर्गात पद्मा चौगुले आली.

जैनाची पोर. बाप हळदीच्या पेठेत तोलाईचं काम करायचा. त्याच्या धोतराला आणि तिच्या दप्तराला एकच पिवळा वास. नऊ वर्षांची, अंगानं किडकिडीत, डोळ्याला डोळा न देणारी. घरी ती गावाकडचं बोलत असणार, पण शाळेत अगदी छापल्यासारखं बोलायची — पुस्तकातून उचललेलं, पूर्णविरामासकट. गणितात पहिली. आणि बाकी सगळ्यात? बाकी सगळ्यात ती मला डोक्याला ताप वाटायची.

एकदा मी म्हटलं, “पाच मिनिटं बाहेर उभी राहा.” भिंतीवरच्या घड्याळात बघून ती बरोबर पाच मिनिटांनी आत आली आणि जागेवर बसली. एकदा मी ओरडले, “तोंड बंद कर.” तिनं मधल्या सुट्टीत डबासुद्धा उघडला नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी कौतुकानं विचारलं, “नाव काय, बाळ?” — तर म्हणते, “माझं नाव बाळ नाही.” आणि एकदा मी फार चिडले. म्हटलं, “उद्यापासून मला तुझं तोंड दाखवू नकोस.” दुसऱ्या दिवशी पोर आईचा पंचा तोंडाला गुंडाळून शाळेत आली. नुसते डोळे उघडे. दिवसभर तशीच बसली. वर्ग हसून लोळला. मीही हसले. ती का हसत नाही, असं माझ्या मनात आलं का? नाही आलं. मला वाटलं, काय मठ्ठ पोर आहे.

आता त्याला नाव आहे. मागं एकदा वर्तमानपत्रात एका डॉक्टरांचा लेख वाचला — अ‍ॅस्पर्जर. हुशार असतात, शब्द जसाच्या तसा धरतात, समोरच्याच्या चेहऱ्यावरचं त्यांना आपोआप कळत नाही, शिकवावं लागतं. तेव्हा हे नाव आपल्याकडं कुणाला माहीत होतं — असं म्हणून मला सुटता येईल, नाही का? पण नाही येत. कारण मला सांगितलं गेलं होतं. नावाशिवाय, पण पुरतं सांगितलं गेलं होतं.

सांगणारी तिची आई. राजमतीबाई. तिसरीपर्यंत शिकलेली बाई, बोटांच्या पेरांत हळद मुरलेली. गणपती झाल्यावर एका संध्याकाळी ती माझ्या घरी आली. खुर्ची दिली तरी दाराशीच बसली. मिरजेच्या एका डॉक्टरांना तिनं पोर दाखवली होती. ते म्हणाले होते, ही वेडी नाही, डोकं उत्तम आहे. फक्त माणसांचं बोलणं आणि तोंड तिला वाचता येत नाही. पण पुस्तक वाचता येतं ना? मग गोष्टींतून शिकवा. छापलेल्यावर तिचा विश्वास बसतो.

आणि ती बाई खरोखर शिकवत होती! वाचनालयातून मुलांची मासिकं आणायची, अक्षर लावत लावत पोरीबरोबर वाचायची, मध्येच बोट ठेवून थांबायची — आता हिला राग आला, तो कशावरनं वळखायचा? आता ह्यो रडंना, पर ह्येला वाईट वाटलंय, ते कशावरनं? मी वर्गात बघत होते त्याचा आता उलगडा झाला. पद्मा हल्ली माझ्याजवळ येऊन विचारायची, “बाई, तुमचा आवाज बारीक झाला. म्हणजे तुम्हाला राग आला का?” मला ते आगाऊपणाचं वाटायचं.

“बाई, तुमी गोष्टी लिवताय,” राजमतीबाई म्हणाली. “तिच्यासारक्या पोरीची एक गोष्ट लिवा की. वाचून तिचं तिला कळंल, आपुन अशी का हाय. मी लिवलीय जरा, पर मला कुठं येतंय. तेवढं नीट करून द्या.”

पदराखालून तिनं एक वही काढली. चार पानं पेन्सिलीनं लिहिलेली. मला ती अजून पाठ आहेत, काय करू? सुरुवात अशी होती — ‘एक पोरगी हुती. तिला सगळं सरळ ऐकू यायचं. मानसं वाकडं बोलायची. चूक कुनाचीच न्हवती.’

तुम्हाला सांगते, आयुष्यभर मी एवढी तीन वाक्यं लिहू शकले नाही. पण त्या दिवशी मी काय केलं असेल? लाल शाईचं पेन घेतलं. ‘हुती’ खोडून ‘होती’ केलं. ‘मानसं’वर गोल काढला. चारही पानं लाल करून आठवड्यानं वही परत दिली आणि म्हटलं, “मी लिहीन सवडीनं.” तिनं वही दोन्ही हातांनी घेतली. वर माझे आभार मानले.

आणि मी लिहिली. गोष्टीचं नाव ‘शहाणी सरळी’. सरळ हा शब्द त्या बाईचा, प्रसंग तिच्या पोरीचे, आणि माझं काय? माझं फक्त खिदळणं. पाच मिनिटांचं घड्याळ, न उघडलेला डबा, ‘माझं नाव बाळ नाही’ — सगळं घातलं. शेवटी सरळी तोंडाला पंचा गुंडाळून शाळेत येते आणि सगळी शाळा हसते. संपली गोष्ट. मुलांच्या दिवाळी अंकात आली. एका मंडळानं तिला बक्षीस दिलं. परीक्षक म्हणाले, निर्मळ विनोद. निर्मळ! त्या गृहस्थांना गटारात उभं करून गंगा म्हटलं असतं तरी त्यांनी आचमन केलं असतं.

शाळेत मी ती वर्गासमोर वाचली. पद्मा तिसऱ्या बाकावर होती. पोरी तिच्याकडं वळून वळून हसत होत्या. आणि तिचा चेहरा — मी पहिल्यांदाच त्या चेहऱ्यावर आनंद बघितला. हसू नव्हे. हरवलेलं माणूस दिसल्यावर होतो ना, तसा आनंद.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलापाशी आली. वर्गात दुसरं कुणी नव्हतं. अंक तिच्या हातात, पानं दुमडून मऊ पडलेली. “मी ही गोष्ट अकरा वेळा वाचली,” म्हणाली. “सरळी माझ्यासारखीच आहे. मला वाटायचं, मी एकटीच आहे. ती कुठं राहते?”

थांबा. इथंच मी थांबायला हवं होतं. काय कठीण होतं? ‘अगं, ती गोष्ट आहे, ती मुलगी मी मनानं रचली’ — एवढंच म्हणायचं होतं. किंवा खरं सांगायचं — ‘ती तूच आहेस.’ पण माझ्या हातात बहिणीचं पोस्टकार्ड होतं, रहिमतपूरहून आलेलं. मला ते वाचायचं होतं, आणि ही पोर टेबलाला पोट लावून उभी. जिला हसवून दाखवावं असंही दुसरं कुणी समोर नव्हतं. तरीही मी म्हटलं, “रहिमतपूरला राहते. जा, भेटून ये.”

ती “बरं” म्हणाली.

शुक्रवार होता तो. सोमवारी ती शाळेत आली नाही. दुपारी बाप विचारायला आला — पोर सकाळी दप्तर घेऊन निघाली होती. मग धावाधाव. पेठेतली हमाल मंडळी आली, शेजारीपाजारी आले. कुणीतरी सांगितलं, एक पोरगी सकाळी कृष्णेच्या घाटाकडं जाताना दिसली. झालं. सगळे घाटावर.

आता मी जे सांगणार आहे ते कुणालाच माहीत नाही. गोष्ट छापलेली आहे; बाकीचं पुढं शाळेत चव्हाट्यावर आलं, निदान एका बाजूनं. हे मात्र माझ्या एकटीजवळ राहिलं.

संध्याकाळी मीही घाटावर गेले. वर्गशिक्षिका ना मी! नावाडी पाण्यात गळ टाकत होते. दोर ताणला की पायऱ्यांवरची सगळी माणसं गप्प व्हायची. वर फांदी यायची, चिंध्या यायच्या, आणि माणसं श्वास सोडायची. राजमतीबाई खालच्या पायरीवर बसली होती, पाय पाण्यात. ती रडत नव्हती. प्रत्येक गळाबरोबर तिची मान पुढं जायची. मी वरच्या पायरीवर उभी होते आणि मला ठाऊक होतं. ‘पद्मा पाण्यात नाही, पद्मा रहिमतपूरला गेलीय’ — हे मला वर्गातल्या रिकाम्या बाकाकडं बघतानाच कळलं होतं, सकाळीच. तिला ‘जा’ म्हटलं की ती जाते. हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? याच्यावर तर मी बक्षीस घेतलं होतं!

राजमतीबाईनं मला बघितलं. वर आली, माझा हात धरला. तिचा हात ओला, गार. “बाई,” म्हणाली, “तुमास्नी कायतरी बोलली व्हती का वो? कुटं जाते, काय?”

“नाही,” मी म्हटलं.

ती परत खाली जाऊन बसली. त्यांनी अंधार पडेपर्यंत गळ टाकले. मी तोवर उभी राहिले. लोक म्हणाले, बाईंचा किती जीव आहे पोरीवर.

मी का बोलले नाही? भीती वाटली म्हणू? कशाची? नोकरी गेली नसती. फार तर मोठ्या बाई दोन शब्द बोलल्या असत्या. मुलांच्या मनात शिरणाऱ्या बाईंनी पोरीची अशी थट्टा केली, हे चार जणांना कळलं असतं. एवढंच. एवढ्यासाठी मी एका आईला नदीच्या पायरीवर तिच्या पोरीचं प्रेत शोधू दिलं. यावर मोठा शब्द घालायची गरज नाही. हलकटपणा हा शब्द पुरतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पद्मा सापडली. रहिमतपुरातच. सोमवारी सकाळी स्टेशनवर जाऊन ती एका कुटुंबाच्या घोळक्यात पॅसेंजरमध्ये चढली होती. तिथल्या स्टेशनापासून गावात चालत गेली आणि दारोदार विचारत फिरली — “सरळी इथं राहते का?” पोरं मागं लागली, कुणी खडे मारले. शेवटी एका म्हातारीनं घरात घेतलं, भाकरी दिली. “न्हाई गं बाई, हितं अशी कुनी न्हाई,” असं तिनं सांगितलं, तर पद्मा म्हणाली, अजून दोन आळ्या राहिल्यात. सकाळी त्या दोन आळ्या बघून झाल्यावरच ती म्हातारीबरोबर पोलीस चौकीत गेली.

बुधवारी मोठ्या बाईंच्या खोलीत सगळे जमलो. मोठ्या बाई, पद्मा, तिचे आईबाप आणि मी. पद्माच्या कपाळावर खड्याची खोक होती. मोठ्या बाईंनी विचारलं, का गेलीस? ती म्हणाली, “सरळीला भेटायला. ती रहिमतपूरला राहते, असं बाईंनी सांगितलं. शुक्रवारी, मधल्या सुट्टीत. बाईंच्या हातात पोस्टकार्ड होतं. त्या ‘जा, भेटून ये’ म्हणाल्या.”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

“मी असं कशाला सांगेन?” मी म्हटलं. आवाज किती शांत होता माझा! “ती गोष्ट आहे, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. हिनं मनानंच काहीतरी घेतलं असेल.”

पद्मानं माझ्याकडं पाहिलं. डोळ्याला डोळा देऊन, बहुधा पहिल्यांदाच. मग ती विचार करून म्हणाली, “बाई, तुम्ही विसरला असाल. विसरला असाल तर ते खोटं नसतं.”

बघितलंत? माझ्यासाठी वाट काढून देत होती ती. नऊ वर्षांची पोर, जिला माणसं वाचता येत नाहीत म्हणतात. त्या वाटेनंसुद्धा मला जाता आलं असतं — ‘असेल बाई, विसरले असेन.’ पण मला तेवढंही द्यायचं नव्हतं. मी म्हटलं, “मी काही विसरलेले नाही. ती खोटं बोलतेय.”

राजमतीबाईनं तिच्या थोबाडीत मारली. याआधी तिनं पोरीला कधी हात लावला नसावा. मारल्यावर ती आपल्याच हाताकडं बघत राहिली. “पोरीत काय बी कमी असू दे,” ती म्हणाली, “पर खोटं न्हवती वो बोलत. आता ते बी शिकली.”

पंधरा दिवसांनी ती पोरीला घेऊन माझ्या घरी माफी मागायला आली. माझी माफी! ताज्या गुळाची ढेप आणली होती, माहेरच्या गुऱ्हाळातली. पद्माला पुढं ढकललं, “पाया पड बाईंच्या. चुकलं म्हन.”

पद्मा जागची हलली नाही. “मी खोटं बोलले नाही,” म्हणाली. “म्हणून मी चुकलं म्हणणार नाही.”

आईनं पुन्हा हात उगारला. आणि मी — ऐका — मी तिचा हात धरला आणि म्हटलं, “राहू द्या हो. लहान आहे. मी केव्हाच माफ केलं.”

राजमतीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मोठेपणानं! गूळ मी ठेवून घेतला. चांगला होता.

पटावरून पद्माचं नाव काढलं गेलं. शेरा मी लिहिला — ‘शाळेच्या वातावरणास योग्य नाही.’ अक्षर माझं सुरेख आहे. घरातली मासिकंही राजमतीबाईनं बंद केली. गोष्टींनीच पोरीचं डोकं फिरलं, असं तिला वाटलं. राग कशावरून ओळखायचा, दुःख कशावरून — ते बोट ठेवून शिकवणं तिथंच थांबलं. एका अडाणी म्हटलेल्या बाईनं एकटीनं जे उभं केलं होतं, ते मी मोडलं. पद्मा आज साठीच्या घरात असेल. कशी आहे, कुठं आहे, मी कधी चौकशी केली नाही.

शेवटची बघितली ती एकोणऐंशी साली. नवऱ्याची बदली साताऱ्याला झाली होती, मीही तिथल्या शाळेत लागले होते. सांगलीत माझा सत्कार होता. नारळ, शाल, भाषणं, नेहमीचा थिल्लरपणा. तिथंच कुणीतरी सांगितलं, हळदीच्या पेठेतल्या राजमती चौगुले गेल्या, कावीळ झाली होती, आज सहावा दिवस. चार लोकांसमोर सांगितलं म्हणून मला भेटायला जावं लागलं. आपण होऊन गेले नसते.

घरात बायका बसल्या होत्या. पद्मा भिंतीशी होती, चौदा वर्षांची, उंच झालेली. तिच्या आत्यानं मला जवळ बसवून घेतलं. “आवं बाई, वहिनी तुमचं लय नाव काडायची,” म्हणाली. “एवडं झालं तरी तुमी पोरीला माफ केलासा. शेवटाला बी तिला एकच घोर हुता. म्हनायची, माझी पोरगी खोटं बोलली, मला तवाच कळंना झालं, हिला काय शिकवू.”

बायकांनी च्‌ च्‌ केलं. कुणीतरी पद्माकडं बघितलं. मी शाल मांडीवर नीट केली.

पद्मा उठून माझ्यासमोर येऊन बसली. आवाज तोच, छापल्यासारखा. “बाई, आई गेली,” म्हणाली. “आता तिला खरं सांगता येणार नाही.”

रागानं म्हणाली का? मला ओळखता आलं नाही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मान हलवली. बायकांना वाटलं, मी तिचं सांत्वन करतेय. आत्यानं पदरानं डोळे टिपले. शेजारच्या घरातून चहा आला. मी तो प्यायले, ‘येते’ म्हणाले, आणि साडेचारची साताऱ्याची गाडी पकडली.